बरगडीखालचा जुना व्रण आणि टमी टक: एक प्रकरण

ही हकीकत एका ४६ वर्षांच्या शिक्षिकेची आणि तिच्या टमी टकची, म्हणजे पोटावरची जास्तीची कातडी काढून पोट घट्ट करायच्या शस्त्रक्रियेची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाजू मात्र जशी घडली तशीच मांडते आहे, आणि त्यात माझा एक चुकलेला निर्णयही आहे. तो वगळला असता तर हे लिहिण्यात अर्थ उरला नसता.

पहिल्या भेटीला येताना त्यांनी प्रश्न वहीत लिहून आणले होते. सगळ्यात वर ठळक अक्षरांत होतं: "दोन सिझेरियन झाली आहेत. टमी टक जमेल का?" दोन वर्षांत त्यांनी १९ किलो वजन उतरवलं होतं आणि गेले आठ महिने ते ६८ किलोवर टिकून होतं. चरबी गेली, कातडी मागे राहिली. ओटीपोटावर एक घडी लोंबत होती. घडीखाली घाम साचून चट्टे उठायचे, मलम लावलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. तासन्‌तास उभं राहून शिकवलं की कंबर भरून यायची. आणखी मूल नको होतं. "मला बारीक दिसायचं नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मला माझ्या मापाचे कपडे घालता यायला हवेत."

मी त्यांना झोपवून तपासलं. सिझेरियनचा व्रण घडीच्या आत, जघनकेसांच्या रेषेला लागून होता. आडवा, बारीक, चांगला भरलेला. त्यावर मी फार वेळ घालवला नाही. माझी नजर उजव्या बरगडीखाली थांबली होती. तिथे १६ सेंटिमीटर लांबीचा एक तिरका व्रण होता. मधोमध रुंद, आणि बोटांनी हलवून पाहिला तर खालच्या थराला घट्ट चिकटलेला.

"हा कशाचा?"

"तो होय? पित्ताशय काढलं तेव्हाचा. एकवीस वर्षं झाली त्याला. पण तो तर वर आहे, डॉक्टर. टमी टक खाली असते ना?"

हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. कापायचं खाली, म्हणजे खालचे टाके आडवे येणार. प्रत्यक्षात गणित उलटं आहे.

टमी टकमध्ये जघनाच्या वरच्या रेषेत, एका बाजूच्या खुब्यापासून दुसऱ्या बाजूपर्यंत लांब छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबी यांचा एकत्र थर स्नायूंवरच्या पांढऱ्या आवरणापासून सुटा करत वर बरगड्यांच्या दिशेने जातात. बेंबीभोवती गोल छेद घेऊन तिला तिच्या देठावर मागेच ठेवतात. गरोदरपणात एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे दोन उभे स्नायू शिवून जवळ आणतात. मग वरचा थर खाली ओढायचा, जास्तीचा भाग कापून टाकायचा आणि बेंबीसाठी त्याला नवं भोक पाडायचं. म्हणजे ज्या खालच्या कातडीवर सिझेरियनचा व्रण असतो ती बहुतेक वेळा कापून टाकलीच जाते, आणि कित्येकदा आमचा नवा छेद त्याच जुन्या रेषेतून जातो. पोटावर उरते ती वरची कातडी. तिला जगायचं असतं, तेही तिच्या अनेक रक्तवाहिन्या तोडून, ताणून, खाली आणून शिवल्यावर.

तिला रक्त कुठून मिळतं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता.

ह्युगर या शल्यचिकित्सकांनी १९७९ मध्ये पोटाच्या कातडीच्या रक्तपुरवठ्याचे तीन विभाग मांडले. आजही प्लास्टिक सर्जरी शिकणारा प्रत्येक जण ते पाठ करतो. पहिला विभाग मधला: उभ्या स्नायूंच्या आतून वर-खाली जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या छोट्या फांद्या स्नायू भेदून कातडीत येतात. दुसरा ओटीपोटाचा: जांघेकडून वर येणाऱ्या वाहिन्या. तिसरा दोन्ही कुशींचा: बरगड्यांमधल्या आणि कमरेकडच्या वाहिन्या पाठीकडून पुढे, तिरक्या खाली उतरत येतात. नेहमीच्या टमी टकमध्ये दुसरा विभाग पूर्ण तुटतो, पहिल्यातला बराचसा तुटतो आणि खाली ओढलेला सगळा थर तिसऱ्या विभागावर, म्हणजे कुशीतून येणाऱ्या रक्तावर जगतो. ज्यांच्या पोटावर आधीची शस्त्रक्रिया नाही त्यांना ते पुरतं.

आता उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण या नकाशावर ठेवून पाहा. कुशीतून मध्याकडे येणाऱ्या नेमक्या त्याच वाहिन्या त्याने आडव्या कापलेल्या असतात. व्रण, पोटाची मध्यरेषा आणि टमी टकची खालची शिवण या तिघांमध्ये एक त्रिकोण उरतो. त्याला वरून रक्त येत नाही, कारण वाटेत व्रण आहे. खालून येत नाही, कारण खालचं आम्ही कापलं. राहतं ते डावीकडून मध्यरेषा ओलांडून येणारं आणि उजव्या कमरेकडून येणारं थोडंसं. त्यात आम्ही तो भाग खालच्या स्नायूपासूनही सुटा केला आणि शिवाय त्याला ताण दिला, तर त्रिकोणाचं खालचं टोक काळं पडू शकतं. कातडी मरते.

या छेदाला कोखर छेद म्हणतात. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांचं नाव त्याला मिळालं. त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं ते थायरॉइडवरच्या कामासाठी, पण पोटाच्या शल्यचिकित्सकांच्या तोंडी त्यांचं नाव या तिरक्या छेदामुळे रोज येतं. १९८५ मध्ये जर्मनीत एरिच म्युहे यांनी पोट न उघडता दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोठा छेद मागे पडला. तरी पित्ताशय फार सुजलेलं, पू झालेलं असेल तर आजही पोट उघडावं लागतं. त्यामुळे हा व्रण फक्त म्हाताऱ्या माणसांच्या पोटावर दिसतो असं कुणी समजू नये.

मी त्यांना हे कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. त्या बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चुकीच्या टाक्यांची काळजी करत होते."

जुने कागद

मी त्यांना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वीचा कागद कोण ठेवतं? पण त्यांच्या आईने ठेवला होता. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या निघाल्या. शस्त्रक्रिया तातडीची होती, पित्ताशयात पू होता, आणि नंतर जखम चिघळल्यामुळे काही टाके काढून ती तीन आठवडे उघडी ठेवावी लागली होती. व्रण मधोमध रुंद आणि खाली चिकटलेला का होता ते कळलं. चिघळून भरलेल्या जखमेखाली हर्निया असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तेही डोक्यात ठेवलं.

मला इथे आवर्जून सांगायचं आहे: पोटावर पूर्वी काहीही झालं असेल तर त्याचा कागद शोधा, आणि सापडला नाही तर आठवेल तेवढं लिहून न्या. किती दिवस इस्पितळात होतात, जखम चिघळली होती का, नळी ठेवली होती का, जाळी बसवली आहे का. व्रण डॉक्टरला दिसतो, त्यामागची हकीकत दिसत नाही. बेंबीच्या हर्नियाला दुर्बिणीतून जाळी बसवली असेल तर बाहेर जेमतेम दोन-तीन छोट्या खुणा दिसतात. पण बेंबीच्या देठाला आतून येणारं रक्त तेव्हा तुटलेलं असू शकतं. टमी टकमध्ये तिच्याभोवतीची कातडी कापली की तिला बाहेरूनही काही उरत नाही, आणि बेंबी काळी पडते. ज्याला हे ठाऊक आहे तो आधीच वेगळा बेत करतो.

त्यांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, केली. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी केली, कारण शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागतं. चार गोष्टी दिसल्या. व्रणाखाली हर्निया नव्हता, हे चांगलं. बेंबीच्या जरा वर आठ मिलिमीटरचं भोक होतं आणि त्यातून थोडी चरबी बाहेर आली होती, ते बोटांना लागलं नव्हतं. दोन उभ्या स्नायूंमधलं अंतर सगळ्यात रुंद जागी साडेचार सेंटिमीटर होतं. दोनच्या वर गेलं की आम्ही स्नायू फाकले आहेत असं म्हणतो. आणि बेंबीभोवती स्नायू भेदून येणाऱ्या वाहिन्या डावीकडे ठळक होत्या, उजवीकडे मोजक्या आणि बारीक.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे खुद्द रुग्णाचंच लक्ष होतं. "उजवीकडचं पोट जास्त पुढे येतं. तिथली चरबी जास्त काढाल ना?" ती चरबी नव्हती. कोखर छेदात उजवा उभा स्नायू आडवा कापला जातो आणि बरगड्यांमधून येणाऱ्या एक-दोन चेतातंतूंना इजा होऊ शकते. मग त्या चेतातंतूवर चालणारा स्नायूचा भाग ढिला पडतो आणि तिथून पोट फुगतं. सीटीमध्ये त्यांचा उजवा स्नायू व्रणाखाली डाव्यापेक्षा पातळ दिसत होता. चरबी ओढून हा फुगवटा जात नाही. मध्यरेषा शिवल्याने थोडा कमी होतो, सपाट होत नाही. हे मी शस्त्रक्रियेआधी सांगितलं. नंतर सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती.

पर्याय

आमचं बोलणं तीन भेटींत झालं. काही पर्याय लगेच बाजूला पडले. बेंबीखालचाच भाग काढणारी छोटी टमी टक सगळ्यात सुरक्षित होती. मी तीच आधी सुचवली, पण बेंबीच्या वरची ढिली कातडी आणि फाकलेले स्नायू तिने सुटत नव्हते. स्तनांखालच्या घडीत छेद घेऊन कातडी वर ओढायची उलटी टमी टक असते, पण त्यांची जास्तीची कातडी खाली होती. पूर्ण लांबीची नेहमीची पद्धत करायला मी नकार दिला.

उभ्या-आडव्या छेदाची टमी टक त्यांनी कुठेतरी वाचली होती. खूप वजन उतरवलेल्यांना ती उपयोगी पडते, कारण आडवी कातडीही कमी होते, आणि त्यांना तीच हवी होती. पण या पोटासाठी ती सगळ्यात वाईट. त्रिकोणाला डावीकडून मध्यरेषा ओलांडून जे रक्त येणार होतं, ती वाट उभ्या छेदाने तुटली असती. वरून जुना व्रण, खालून नवा छेद, मधून उभा छेद. त्रिकोण तिन्ही बाजूंनी कोंडला गेला असता. मी चित्रात तिसरी रेघ ओढली आणि त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

ठरलं ते असं. छेद खालचाच, जुन्या सिझेरियनच्या रेषेतून. बेंबीपर्यंत थर सुटा करायचा, पण त्याच्या वर फक्त मध्यरेषेवर स्नायू शिवता येतील एवढा अरुंद बोगदा करायचा. दोन्ही बाजूंना, विशेषतः उजवीकडे, थर स्नायूला जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे ज्या वाहिन्या वाचतील त्या वाचतील. त्रिकोणात लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, अजिबात नाही. डाव्या कुशीत अगदी थोडं.

असं केल्याची किंमत असते. थर कमी सुटा केला की तो कमी खाली येतो. मूळ बेंबीच्या जागी जे भोक राहतं ते खालच्या शिवणीपर्यंत ओढून आणता येत नाही, म्हणून ते उभं शिवावं लागतं आणि आडव्या व्रणाच्या वर तीन-चार सेंटिमीटरचा उभा व्रण उरतो. बरगडीखालचा जुना व्रणही कातडीबरोबर थोडा खाली उतरणार होता. तो जागचा हलतो हे बहुतेकांना आधी सांगितलेलंच नसतं, आणि आरशात पाहून लोक दचकतात. "उभा व्रण चालेल," त्या म्हणाल्या. "काळी पडलेली कातडी नको." संमतिपत्रात मी स्वतःच्या हाताने लिहिलं: उजव्या बाजूच्या त्रिकोणात कातडीचा काही भाग मरू शकतो, भरायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि मग सही केली.

लगेच तारीख दिली नाही. मासिक पाळीत फार रक्त जात असल्याने हिमोग्लोबिन ९.८ होतं. एवढ्या ओढाताणीच्या रक्तपुरवठ्यात निदान जे रक्त पोचेल ते तरी सकस हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार घेऊन ते १२.१ वर यायला दहा आठवडे लागले. पाळीसाठी पूर्वी सुरू केलेली इस्ट्रोजेनची गोळी शस्त्रक्रियेच्या आधी चार आठवडे बंद केली, कारण सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका टमी टकमध्ये सर्वांत जास्त असणाऱ्यांत मोडतो. त्या तंबाखू कोणत्याही रूपात घेत नव्हत्या. घेत असत्या तर मी ही शस्त्रक्रिया केलीच नसती. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ज्यांच्या पोटावर आधीचा व्रण नाही त्यांनाही मी आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद सांगते, आणि त्यात निकोटिनचं च्युइंगम आणि चिकटपट्टीही आली. या त्रिकोणाला एवढंसुद्धा परवडलं नसतं.

इथे एक गैरसमज. अनेकांना वाटतं, आधीच्या शस्त्रक्रियेने आतडी चिकटली असतील, म्हणून टमी टक धोक्याची. टमी टक स्नायूंच्या बाहेर चालते, पोटाच्या पोकळीत शिरतच नाही. त्यामुळे आतल्या चिकटण्याचा तिच्याशी सहसा संबंध येत नाही. अपवाद हर्नियाचा. व्रणाखाली न कळलेला हर्निया असेल तर लायपोसक्शनची नळी थेट आतड्यात जाऊ शकते. ही दुर्घटना क्वचित होते, पण जिवावर बेतते. म्हणून व्रण असलेल्या पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी मी टाळत नाही.

टेबलावर

त्या उभ्या असतानाच खुणा काढल्या. झोपल्यावर पोट खोटं बोलतं. त्रिकोण मी हिरव्या पेनाने रंगवून घेतला, म्हणजे आत काम करणाऱ्या प्रत्येकाला दिसावा.

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. बेंबीवरचं भोक देठाच्या डाव्या बाजूनेच उघडून दोन टाक्यांत बंद केलं. उजवी बाजू हातही न लावता ठेवली, म्हणजे देठाला निदान एका बाजूने रक्त राहावं. मध्यरेषा बरगड्यांच्या कोनापासून जघनापर्यंत शिवली. बोगदा करताना उजवीकडे एक चांगली जाड वाहिनी दिसली. सीटीत दिसलेल्या मोजक्यांपैकीच ती असावी. तिच्या भोवतीची बोटभर जागा सोडून दिली.

मग टेबल कमरेत वाकवलं आणि थर खाली घेतला. डावीकडची कातडी कापून शिवली. उजवीकडे तेवढीच कापली तर बसत होती, पण व्रणाच्या ताठरपणामुळे उजवी बाजू किंचित भरलेली दिसत होती. डावी-उजवी जुळावी म्हणून मी मध्यरेषेच्या जरा उजवीकडे आणखी एक सेंटिमीटर कातडी कापली.

ती चूक होती. कापलेल्या कडेतून रक्त येत होतं, पण डावीपेक्षा सावकाश आणि गडद. मी ते पाहिलं, सहायकाला दाखवलं, थांबून दोन मिनिटं वाट पाहिली. कड गुलाबी झाली असं वाटलं आणि शिवलं. आज तेच दृश्य पुढे आलं तर मी तो सेंटिमीटर कापणार नाही. बाजू किंचित भरलेली राहिली तर कपड्यात दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी स्थानिक भूल देऊन ती नीट करता येते. मेलेली कातडी परत येत नाही.

१.१ किलो कातडी-चरबी निघाली. आत साचणारं पाणी बाहेर यायला दोन नळ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी

संध्याकाळीच त्यांना उठवून, कमरेत वाकलेल्या अवस्थेत खोलीत चार पावलं चालवलं होतं. पायांना हवेने दाबणारी यंत्रं आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सुरू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडली तर शिवणीच्या वर, मध्यरेषेच्या उजवीकडे, चार सेंटिमीटर लांबीचा जांभळट पट्टा दिसला. बोटाने दाबून सोडलं तर रंग परतायला वेळ लागत होता. जागा तीच, जिथे मी तो सेंटिमीटर कापला होता.

आम्ही लगेच चार गोष्टी केल्या. पोटाचा पट्टा काढून टाकला. टमी टकनंतर पट्टा घट्ट बांधायची सगळ्यांना घाई असते, पण रक्त कमी पडणाऱ्या कातडीला तोच दाबून मारू शकतो. त्या भागातले तीन टाके सोडून ताण कमी केला. पलंग आणखी वाकवून गुडघे वर घेतले. आणि त्या जांभळट पट्ट्यावर नायट्रोग्लिसरिनचं मलम सुरू केलं. त्याने वाहिन्या रुंदावतात, पण रक्तदाब उतरू शकतो आणि डोकं दुखू शकतं, म्हणून रक्तदाब पाहत राहिलो.

"झालं ना तेच?" त्यांनी विचारलं.

"होतंय. किती जाईल ते चार-पाच दिवसांत कळेल. मी शेवटी जरा जास्त कापलं, ते कापायला नको होतं."

त्यांनी छताकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता रोज दाखवा मला, लपवू नका." त्या दिवसापासून ड्रेसिंगच्या वेळी त्यांच्या हातात आरसा असायचा.

पाचव्या दिवशी जांभळट पट्टा आकसून तीन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटर राहिला. कडेचा भाग फोड येऊन सोलला आणि खालून गुलाबी निघाला. मधला तुकडा काळा, कोरडा, चामड्यासारखा झाला. अशा वेळी घरच्यांना वाटतं, काळं आहे ते आजच कापून टाका. कोरडं आणि चिघळलेलं नसेल तर घाई करू नये, कारण आठवड्याने हद्द स्पष्ट होते आणि वाचणारं काही कापलं जात नाही. सतराव्या दिवशी सैल झालेला तुकडा कापला. खाली चरबी दिसत होती, पू नव्हता. मग रोजची ड्रेसिंग. जखम तळापासून भरत वर आली आणि सातव्या आठवड्याच्या शेवटी बंद झाली. बेंबीला काहीच झालं नाही.

नळ्या एक सहाव्या दिवशी आणि दुसरी नवव्या दिवशी निघाली, चोवीस तासांतलं पाणी ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर. पट्टा बांधायला तिसऱ्या आठवड्यात परत सुरुवात केली, तोही सैल. सहा आठवडे जड उचलणं बंद. शाळेत त्या आठव्या आठवड्यात गेल्या, सुरुवातीला खुर्चीवर बसून शिकवायचं या अटीवर.

एक गोष्ट मी प्रत्येकीला दोनदा सांगते, त्यांनाही सांगितली: पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, बर्फही नाही. टमी टकनंतर ओटीपोटाची कातडी कित्येक महिने बधिर असते. त्यांच्या त्रिकोणात बधिरपणा आणि कमी रक्त दोन्ही होतं. भाजलं तरी कळत नाही, आणि भाजलेलं भरत नाही. पाळीच्या वेळी सवयीने पिशवी घेतली जाते, म्हणून त्यांनी ती कपाटातून काढून बहिणीला देऊन टाकली.

इतर व्रणांबद्दल थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या पोटावर कोखरचा व्रण नसणार. अपेंडिक्सचा छोटा व्रण बहुतेक वेळा कापून टाकायच्या कातडीतच येतो. दुर्बिणीच्या छोट्या खुणा रक्तपुरवठ्याला सहसा बाधत नाहीत, आत जाळी आहे का एवढं पाहावं. बेंबीवरून जाणारा उभा मधला व्रण असेल तर दोन बाजूंमधली देवाणघेवाण तुटलेली असते, पण दोन्ही कुशींचं रक्त शाबूत असतं. तिथे तोच व्रण कापून उभ्या-आडव्या पद्धतीने चांगला निकाल मिळू शकतो, म्हणजे आमच्या रुग्णाला जे वर्ज्य ते तिथे योग्य. आधी लायपोसक्शन झालं असेल तर तेही सांगा. बाहेर खूण नसली तरी आत तंतू झालेले असतात. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबावं. व्रण मऊ व्हायला आणि नव्या बारीक वाहिन्या तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

एक वर्षानंतर त्या दाखवायला आल्या. खालचा व्रण फिकट, एका जागी बोटभर रुंद आणि जरा खोल. उभा व्रण साडेतीन सेंटिमीटर. बरगडीखालचा व्रण आता बेंबीच्या चार बोटं वर उतरला होता. उजवा फुगवटा होता, पूर्वीपेक्षा कमी. घडीखालचे चट्टे वर्षभरात एकदाही आले नव्हते, आणि त्या पूर्ण तास उभं राहून शिकवत होत्या.

त्यांनी त्या रुंद, खोल जागेवर बोट ठेवलं. "हा एवढा तुकडा कापून नीट शिवता येईल का?"

मी कातडी चिमटीत धरून पाहिली. खाली ती अजून घट्ट होती, दाबून सोडल्यावर रंग परतायला डावीपेक्षा वेळ लागत होता. मी म्हणाले, "येईल. पण आज नाही. आणखी सहा महिन्यांनी या, तेव्हा चिमटीत पुरेशी कातडी आली तर करू. नाही आली तर मी हात लावणार नाही."

त्यांनी वही काढली आणि तारीख लिहून घेतली.